‘नागर’ शब्दाचा अर्थविचार

मराठीत ‘नागर’ हे विशेषण आज दोन ठिकाणी विशेष आढळते. एक, साहित्यसमीक्षेत, ‘ग्रामीण’ या शब्दाच्या जोडीने. आणि दुसरे, जुन्या काव्याच्या टीकेत, जेथे त्याचा अर्थ ‘सुंदर’, ‘रेखीव’, ‘मोहक’ असा दिला जातो. पहिल्या ठिकाणी तो शब्द मनुष्याचे वसतिस्थान सांगतो, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या अंगची शोभा सांगतो. वागण्याबोलण्यातील सफाई, समोरच्याचे मन न दुखविता त्याला जिंकण्याची हातोटी, कलांची जाण आणि या सर्वांमुळे व्यक्तीला येणारी एक प्रकारची मोहकता, या समुच्चयाला संस्कृतात ‘नागरकत्व’ ही संज्ञा होती. तो समुच्चय मराठीत येता येता विखुरला. तो कसा विखुरला, आणि विखुरताना शब्दाने काय गमावले व काय मिळविले, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. ‘नागर’ हे स्तुतिवाचक आणि ‘ग्राम्य’ हे निंदावाचक असे आपण गृहीत धरून चालतो. हे गृहीत शब्दाच्या इतिहासात मूळचे आहे की मागाहून आलेले, यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून आहेत.

‘नगर’ या शब्दाच्या व्युत्पत्तीत फार वेळ घालविण्याचे कारण नाही. ऋग्वेदात तो नाही. वैयाकरणांनी तो ‘नग’ म्हणजे वृक्ष अथवा पर्वत या शब्दास ‘र’ प्रत्यय लावून साधला आहे. काही आधुनिक अभ्यासकांना त्याचा संबंध द्राविड भाषांतील शब्दांशी दिसतो. निर्णय कोणताही लागला तरी ‘नागर’चा अर्थविकास त्यामुळे बदलत नाही. आपल्याला महत्त्वाचे आहे ते ‘नगर’पासून झालेले तद्धित, आणि त्याबाबतीत पाणिनीची साक्ष मोठी उद्‌बोधक आहे.

अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात ‘नगर’ शब्दासाठी एक स्वतंत्र सूत्र आहे. नगरापासून ‘नागरक’ हे रूप केव्हा होते, तर निंदा किंवा प्रावीण्य सांगावयाचे असेल तेव्हा, असा त्याचा आशय. यांपैकी काहीच सांगावयाचे नसून केवळ ‘नगरातील’ एवढेच म्हणावयाचे असेल, तर ‘नागर’ असे साधे रूप होते. म्हणजे ‘नागर’ हा शब्द मूळचा निर्विकार. आणि ‘नागरक’ मात्र बोलणाऱ्याच्या मनातील काही भाव घेऊनच येणारा. तो भाव एक नसून दोन आहेत, आणि ते परस्परविरुद्ध आहेत. सूत्रात निंदेचा उल्लेख प्रावीण्याच्या आधी आहे, हेही नजरेआड करू नये.

इसवी सनाच्या सातव्या शतकातील काशिकावृत्तीने या सूत्रावर दिलेली उदाहरणे वाचताना वैयाकरणही रसिक असू शकतो याची खात्री पटते. एक चोरी झाली आहे. ही कोणी केली असावी असा प्रश्न आहे, आणि उत्तर असे की, या नगरातील एखाद्या नागरकाचेच हे काम, कारण नागरक चोर असतात. लगेच दुसरा प्रसंग : मन आणि डोळे उमलविणारे एक चित्र समोर आहे, ते कोणी काढले? तेही नागरकानेच, कारण नागरक प्रवीण असतात. एकाच शब्दाच्या पोटी चोर आणि चित्रकार असे शेजारी शेजारी नांदत आहेत. हाताची सफाई दोघांनाही लागते, असे कोणी म्हटल्यास त्यास आमची हरकत नाही.

याच पादात थोडे मागे गेले म्हणजे ‘ग्राम’ शब्दाचे सूत्र लागते. ग्रामापासून ‘ग्राम्य’ आणि ‘ग्रामीण’ अशी दोन्ही रूपे होतात असे पाणिनी सांगतो. तेथे निंदेची अट नाही, स्तुतीचीही नाही. दोन्ही रूपे सारखीच साधी. याचा अर्थ असा की, इसवी सनापूर्वीच्या त्या काळी व्याकरणकाराला जो भाषाव्यवहार ऐकू येत होता, त्यात संशय होता तो नगरवासीयाविषयी, ग्रामवासीयाविषयी नव्हे. ‘ग्राम्य’ म्हणजे असभ्य, अश्लील, हा आपल्याला स्वाभाविक वाटणारा अर्थ त्या सूत्रात मुळीच नाही. तो नंतरचा आहे, आणि तो कोणी आणला हे पुढे पाहू.

शब्दाची ही द्विमुखता पुढच्या वाङ्मयात टिकून राहिली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘नागरक’ अथवा ‘नागरिक’ हा नगराची व्यवस्था व रात्रीचा बंदोबस्त पाहणारा अधिकारी आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या आरंभी धीवराला अंगठीसह पकडून आणणारा जो राजाचा मेहुणा आहे, तो हाच नागरिक. धीवराला राजाकडून बक्षीस मिळताच त्याचे धीवराशी एकाएकी सख्य जमते आणि ते पक्के करण्यासाठी मंडळी मद्याच्या दुकानाकडे वळतात. परंतु याच नाटकाच्या पाचव्या अंकात दुष्यंत हंसपदिकेचे सूचक गाणे ऐकून विदूषकाला तिच्याकडे पाठवितो, आणि तिची समजूत ‘नागरिकवृत्ती’ने घालण्यास सांगतो. येथे नागरिक म्हणजे पोलिसप्रमुख नव्हे, तर गोड बोलून वेळ निभावून नेणारा चतुर पुरुष. एका अंकाच्या अंतराने एकच शब्द कालिदासाने अशा दोन अर्थांनी योजिला आहे. विक्रमोर्वशीयातील चित्रलेखा तर उघडच म्हणते की, ज्यांचे प्रेम दुसरीकडे वळले आहे असे नागर लोक पहिलीशी अधिकच सौजन्याने वागतात. सौजन्य आहे, ते हवेसेही वाटते. पण त्याच्या तळाशी काय आहे याची शंका ऐकणारीला आल्यावाचून राहत नाही. पाणिनीच्या सूत्रातील निंदा आणि प्रावीण्य यांचा याहून चांगला मिलाफ दाखविता येणार नाही.

या नागरकाचे सविस्तर चित्र वात्स्यायनाने कामसूत्राच्या पहिल्या अधिकरणात ‘नागरकवृत्त’ या प्रकरणात रेखाटले आहे. ग्रंथाचा काळ सामान्यतः इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानतात. विद्या संपादून, धन मिळवून, गृहस्थ झालेला हा पुरुष पाण्याजवळ, झाडांनी वेढलेल्या घरात राहतो. घराचे दोन भाग असतात. बाहेरच्या भागात मऊ शय्या, उशाशी लेप, फुले, सुगंधाच्या कुप्या व विडे, खुंटीवर अडकविलेली वीणा, चित्रफलक, रंगाची पेटी, कोणतेतरी एक पुस्तक, कोरांटीच्या माळा, द्यूताचा पट. बाहेर पक्ष्यांचे पिंजरे आणि बागेत झोपाळा. स्नान रोज, अंग रगडणे एक दिवसाआड, फेसाने अंग धुणे तिसऱ्या दिवशी, श्मश्रू चौथ्या दिवशी. दुपारी पोपटमैनांना बोलावयास शिकविणे आणि झोप. सायंकाळी गोष्ठी, म्हणजे समवयस्क व समानशील मंडळींची बैठक. तीत काव्यचर्चा आणि कलाचर्चा. ते ‘कोणतेतरी एक पुस्तक’ आमच्या विशेष ध्यानात राहते. कोणते, हे सांगण्याची गरज वात्स्यायनाला भासली नाही. दिवाणखान्यात पुस्तक दिसावे हा दंडक बराच जुना आहे म्हणावयाचा!

या वर्णनावरून नागरक म्हणजे केवळ चैनी, विलासी पुरुष असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो अपुरा आहे. याच प्रकरणात तीन गोष्टी अशा आहेत की, ज्यांकडे भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्ष दिले पाहिजे. पहिली, नागरकाने राहावयाचे ते नगरातच असे नाही. पत्तन, खर्वट अशा लहानमोठ्या वस्त्यांतही, उपजीविकेच्या सोयीप्रमाणे, त्याने राहिले तरी चालते. दुसरी, ग्रामात राहणाऱ्याने आपल्या जातीच्या चौकस व जाणत्या लोकांना नागरकांच्या रीतिभातींचे वर्णन करून सांगावे, त्यांच्या मनात गोडी उत्पन्न करावी आणि त्याप्रमाणे वागावे असे वात्स्यायन सुचवितो. म्हणजे नागरकत्व हे जन्माने किंवा वस्तीने नव्हे, अनुकरणाने व अभ्यासाने मिळणारे आहे. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. गोष्ठीत कथा सांगताना ती सर्वस्वी संस्कृतात सांगू नये आणि सर्वस्वी देशभाषेतही सांगू नये; असे जो करतो तो लोकांत मान्यता पावतो. नागर मनुष्याच्या जिभेवर देशभाषा असलीच पाहिजे, पण ती एकटी असू नये. हा तोल हेच त्याच्या मोहकतेचे रहस्य.

याच ग्रंथातील एक विधान महाराष्ट्राविषयी आहे, आणि ते आपल्याकडील अभ्यासक सहसा उद्धृत करीत नाहीत. निरनिराळ्या प्रदेशांतील स्त्रियांचे स्वभाव सांगताना वात्स्यायन म्हणतो की, महाराष्ट्रातील स्त्रियांना रांगडे व कठोर शब्द आवडतात. आणि नागरिका, म्हणजे नगरातील स्त्रिया, याही तशाच असतात, परंतु ते त्यांचे रूप केवळ एकांतात प्रकट होते. प्रादेशिक स्वभावाच्या असल्या सामान्य विधानांना प्रमाण मानण्याचे कारण नाही. पण ‘नागर’ म्हणजे काय याची नकळत केलेली व्याख्या म्हणून ते बहुमोल आहे. दोघींच्या आवडीत भेद नाही. भेद आहे तो चारचौघांत काय दाखवावे याच्या जाणिवेत. नागरपणा हा स्वभावाचा गुण नसून वेळ-काळ-स्थळ ओळखण्याचा गुण आहे, हे याहून थोडक्यात कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

‘ग्राम्य’ शब्दाला कलंक लावण्याचे काम मुख्यतः साहित्यशास्त्राने केले. दंडीच्या काव्यादर्शात ‘ग्राम्यता’ हा दोष माधुर्यगुणाच्या विवेचनात येतो. एखाद्या पुरुषाने कन्येला ‘मी तुझी इच्छा करतो, मग तू माझी का करीत नाहीस’ असे सरळ विचारणे हे ग्राम्य. तेच मदनाला दोष देत आडवळणाने सूचित करणे हे अग्राम्य. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पहिल्या वाक्यात एकही असभ्य शब्द नाही. दोष आहे तो सरळपणाचा. सरळ बोलणे हे खेड्याचे आणि वळण देऊन बोलणे हे शहराचे, ही विभागणी एकदा झाल्यावर ‘ग्राम्य’चा प्रवास अश्लीलतेपर्यंत जाण्यास वेळ लागला नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस काश्मिरात झालेल्या उद्भटाने अनुप्रासाच्या परुषा, उपनागरिका आणि ग्राम्या अशा तीन वृत्ती सांगितल्या. त्यांतली उपनागरिका ही नागर स्त्रीच्या बोलण्याशी साम्य असलेली म्हणून तसे नाव. ‘ग्राम्या’ हीच काहींच्या मते ‘कोमला’. येथे ‘ग्राम्य’ अजून निंदावाचक झालेला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अर्थ बदलत असता जुना व नवा अर्थ काही काळ शेजारी राहतात, त्याचाच हा नमुना. अपभ्रंशाचे ‘नागर’ व ‘उपनागर’ हे भेद, देवालयांची ‘नागर’ शैली, किंवा ‘नागरी’ लिपी यांचा विचार येथे केलेला नाही. त्या पारिभाषिक संज्ञा आहेत आणि त्यांच्या नावांचा प्रश्न निराळा आहे.

रोमन लोकांच्या भाषेतही हीच वाट दिसते. लॅटिनमध्ये ‘उर्ब्स’ म्हणजे नगर, आणि त्यावरून ‘उर्बानितास’ म्हणजे नगरवासीयाच्या बोलण्यातील डौल, विनोद व सफाई. क्विंटिलियनने आपल्या वक्तृत्वविषयक ग्रंथाच्या सहाव्या भागात विनोदाची चर्चा करताना या शब्दाचा विचार केला असून ‘रुस्तिकितास’ म्हणजे गावंढळपणा हा त्याचा विरोधी शब्द सांगितला आहे. ग्रीकांतही ‘आस्तु’ म्हणजे नगर, त्यावरून ‘आस्तेइओस’ म्हणजे चतुर, मार्मिक. इंग्रजीने लॅटिन शब्दाची दोन रूपे करून घेतली : ‘अर्बन’ हे वस्तीचे विशेषण आणि ‘अर्बेन’ हे स्वभावाचे. अशी वाटणी मराठीत ‘नागरी’ आणि ‘नागर’ यांच्यात होऊ शकली असती. ‘नागरी वस्ती’ आणि ‘नागर बोलणे’ असा भेद कानालाही चमत्कारिक वाटत नाही. पण ती झाली नाही, आणि तिचे कारण मराठीच्या स्वतःच्या इतिहासात आहे.

महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशती हा हाल सातवाहनाच्या नावावर असलेला संग्रह या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यातील जग खेड्याचे आहे : शेते, गोदावरीचा काठ, गावच्या मुखियाचा मुलगा, वाटसरू. नागरकाच्या घरातील वीणा आणि चित्रफलक तेथे नाहीत. परंतु आडून बोलण्याचे जे कौशल्य दंडीने अग्राम्य म्हणून वाखाणले, ते या खेड्यातील स्त्रियांच्या तोंडी जागोजाग आहे. संग्रहाच्या आरंभीच, प्राकृत काव्य वाचता किंवा ऐकता येत नसताना जे प्रेमतत्त्वाची चर्चा करतात त्यांना लाज कशी वाटत नाही, असा रोखठोक सवाल केला आहे. तो ज्यांना उद्देशून आहे ते संस्कृतज्ञ नागरकच असावेत असे आमचे मत आहे. अशा जाणत्या व्यक्तीला प्राकृतात ‘छेअ’ हा शब्द आहे, पुढे ‘छइल्ल’. हिंदीतील ‘छैला’ हा त्याचाच वंशज. संस्कृतात समानार्थी ‘विदग्ध’ हा शब्द आहे. त्याचा उघड अर्थ ‘चांगला भाजलेला, पोळलेला’ असा. वैद्यकात तो अर्धवट पचून आंबट झालेल्या अन्नासही लावतात. अनुभवाने भाजून निघाल्याशिवाय शहाणपण नाही, असा अर्थ कोणी लावला तर तो चुकीचा नाही. पण ‘विदग्ध’ला वस्तीचे बंधन नाही हे येथे अधिक महत्त्वाचे. त्यामुळे मराठी समीक्षेने ‘विदग्ध वाङ्मय’ हा प्रयोग स्वीकारला, तेव्हा त्यात शहर आणि खेडे हा भेद आपोआप शिरला नाही.

‘नागर’ शब्दाला मराठीत खरे वळण दिले ते ज्ञानेश्वरांनी. ज्ञानेश्वरीत (शके १२१२, इ. स. १२९०) हा शब्द दोन निराळ्या स्थळी असा आला आहे की, दोन्ही स्थळे एकत्र वाचल्यावाचून त्याचे मर्म कळत नाही. पहिल्या अध्यायात महाभारताची थोरवी सांगताना, नगरात जाऊन राहिले की माणूस नागरच होतो, त्याप्रमाणे व्यासांच्या वाणीच्या तेजाने सारे काही उजळले, असा दृष्टान्त आहे. येथे शब्दाचा अर्थ जुनाच आहे. नागरपण सहवासाने येते, जसे वात्स्यायनाच्या ग्रामवासीयाला येते. मात्र नगराच्या जागी व्यासांची वाणी आली आहे. दहाव्या अध्यायाच्या आरंभी याच्याही पुढचे पाऊल पडते. तेथे ‘नागरपण’ हा देशीचा, म्हणजे मराठीचाच गुण म्हणून आला आहे, आणि त्या गुणाच्या बळावर शान्तरस शृंगाराला जिंकील असे कवी म्हणतो. शृंगार हा नागरकाचा खास रस. त्याची वीणा, त्याचे विडे, त्याची गोष्ठी, सर्व त्यासाठी. ज्ञानेश्वरांनी नागरकाचा शब्द घेतला, त्याच्या हातून त्याचा रस काढून घेतला आणि ते नागरपण ज्या देशभाषेला वात्स्यायनाने गोष्ठीत अर्धीच जागा दिली होती, तिला संपूर्ण बहाल केले. पाणिनीच्या सूत्रातील निंदेचा अंश या प्रयोगात उरलेला नाही. गोड बोलून फसविणारा नागरक येथे नाही. बोलणे गोड आहे आणि ते खरेही आहे.

मध्ययुगीन भक्तिकाव्यात अन्यत्रही अशीच उलटापालट झालेली दिसते. मीरेच्या पदांतील ‘गिरिधर नागर’ हा गोकुळात गाईंच्या मागे वाढलेला. व्रजकाव्यातील राधा ‘नागरी’, आणि ती तर गौळण. नगराशी ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांनाच हे विशेषण लागले, आणि ते कोणाला खटकले नाही. कारण तोपर्यंत ‘नागर’ म्हणजे मन हरण करणारा, एवढाच अर्थ उरला होता. मराठीत जुन्या काव्यात मूर्तीचे, रूपाचे, बोलाचे विशेषण म्हणून येणारा ‘नागर’ हा याच अर्थाचा.

म्हणूनच आधुनिक काळात जेव्हा ‘ग्रामीण साहित्य’ ही संज्ञा रूढ झाली आणि तिच्या विरुद्ध ‘नागर साहित्य’ ही दुसरी संज्ञा उभी करण्यात आली, तेव्हा एक घोटाळा झाला. ‘ग्राम्य’ शब्द अश्लीलतेच्या अर्थाने बिघडला असल्याने समीक्षकांनी तो टाळून पाणिनीच्याच सूत्रातील दुसरे रूप, ‘ग्रामीण’, निवडले. हे योग्यच झाले. परंतु ‘नागर’च्या बाबतीत अशी सावधगिरी कोणी घेतली नाही. परिणामी ‘ग्रामीण’ हा केवळ विषय सांगणारा शब्द झाला, आणि त्याच्या जोडीला बसलेला ‘नागर’ मात्र विषयाबरोबर सफाई, संस्कार, सौष्ठव यांचेही सूचन करीत राहिला. तराजूच्या एका पारड्यात नुसते धान्य आणि दुसऱ्यात धान्यासह पायलीही, असा हा प्रकार आहे. खेड्याविषयी लिहिणाऱ्याच्या लेखनात नागरपण असू शकते, हे म्हणावयास मग शब्दच उरत नाही. आणि ज्ञानेश्वरांच्या त्या ओवीत देशीचे नागरपण म्हणजे ‘शहरीपणा’ असा विपरीत अर्थ नव्या वाचकाच्या मनात येण्याचा धोका उत्पन्न होतो. वर्गात हा अर्थ विद्यार्थ्यांनी केलेला आम्ही ऐकला आहे. वसतिस्थानच सांगावयाचे असेल तर ‘नागरी’ किंवा ‘शहरी’ हे शब्द पुरेसे आहेत, आणि ते वापरावेत. बाजारातल्या भाषेने तर हा हिशोब केव्हाच फिरविला आहे : ‘गावठी’ हे विशेषण माणसाला लावले तर अपमान, पण अंड्याला लावले तर भाव चढतो.

‘नागरिक’ शब्दाचा प्रवास यापासून वेगळा झाला. कालिदासाच्या काळी तो कोतवाल होता किंवा छेलछबिला होता. आज तो राज्यघटनेने हक्क दिलेला मनुष्य आहे, आणि त्याचे घर शेतात असले तरी तो नागरिकच राहतो. वसतिस्थानाचे बंधन येथेही गळून पडले, मात्र मोहकतेचा अर्थही त्याबरोबर गेला.

कोशात ‘नागर’ या नोंदीखाली यापुढे निदान तीन अर्थ पृथक् दिले पाहिजेत : नगरातील, चतुर, व्यवहारकुशल, क्वचित् धूर्त, आणि सुंदर, सुघड, मनोहर. तिसऱ्या अर्थासाठी ज्ञानेश्वरीतील दहाव्या अध्यायाचे स्थळ आधार म्हणून द्यावे, पहिल्या अध्यायातील स्थळ मात्र पहिल्या व तिसऱ्या अर्थांच्या सीमेवरचे म्हणून नोंदवावे. ‘नांगर’ हा शब्द संस्कृत ‘लाङ्गल’पासून आलेला, सर्वस्वी निराळा आहे. जुन्या पोथ्यांत अनुस्वार सुटणे वा अधिक पडणे नेहमीचे असल्याने पाठ निश्चित करताना या दोहोंची गल्लत होऊ न देण्याची दक्षता संपादकाला घ्यावी लागते.